मोजा घातलेली घंटी

मित्रांनो, तुमच्याशी बोलतेय ती एक जुनी पितळी घंटी. देवळातली नव्हे आणि बैलाच्या गळ्यातली तर नव्हेच. मी अस्वलांसाठीची घंटी. आमच्या जपानात डोंगरात फिरायला निघालं की माणसं पाठीवरच्या पिशवीला माझ्यासारखी घंटी अडकवतात. चालताना ती वाजत राहते आणि अस्वल तो आवाज ऐकून आपणहून बाजूला होतं. माझी गोष्ट गोड असेल अशा आशेने बसला असाल, तर आत्ताच उठा. मी रागावलेली आहे आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही.

ताकाओका गावात एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला घडवलं. लिंबाएवढी मी, पण माझ्यासाठी त्याने तीनदा साचा मोडला. "पातळ आवाज जवळच्याला टोचतो आणि लांबच्याला ऐकूच जात नाही. आवाज जाड हवा," असं तो शिकाऊ कारागिरांना सांगायचा. चौथ्या खेपेला त्याने मला कानाशी धरून हलवलं, मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागला. तेवढ्याने मी फुशारून गेले होते.

पुढची एकोणीस वर्षं मी उत्तरेकडे आकिता भागात काढली. तिथल्या एका आजोबांच्या करंडीला मी लटकत असे. ते डोंगरात बांबूचे कोंब आणि अळंबी गोळा करत. त्या एवढ्या वर्षांत अस्वल एकदाही आमच्या आडवं आलं नाही. आजोबा संध्याकाळी मला फडक्याने पुसून खिळ्याला टांगत आणि म्हणत, "झाली बडबड? आता गप्प बस."

त्यांचा मुलगा शुहेई नोकरीसाठी क्योतोला गेला, तिथल्याच मिओरीशी लग्न करून तिथेच राहिला. एकदा ती दोघं तीन वर्षांच्या अकिहोला घेऊन गावी आली. निघताना आजोबांनी मला करंडीवरून सोडवलं आणि नातीच्या लाल पिशवीला बांधलं. मग सुनेला म्हणाले, "सूनबाई, अस्वलाचं राहू दे बाजूला. ही वाजतेय तोवर पोर तुझ्या मागे आहे असं समज. थांबली की मान वळव."

मिओरीने ते अक्षरशः पाळलं. एका रविवाराआड आम्ही क्योतोच्या मागच्या डोंगरावर जायचो. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरायचं, ओढ्याच्या कडेने देवदारांच्या सावलीत चढायचं, छोट्या देवळापाशी पाणी प्यायचं आणि धबधब्याजवळ बसून आंबट आलुबुखार भरलेले भाताचे गोळे खायचे. तासाभराची वाट. आम्हाला तीन तास लागायचे, कारण अकिहो चालायची कमी आणि उकिडवी बसायची जास्त. मी थांबले की मिओरी वळून बघायची. पोरगी गोगलगाईपुढे नाहीतर मुंग्यांपुढे बसलेली असायची.

"आपण डोंगर चढायला आलोय की गोगलगाईंची शिरगणती करायला?" शुहेई कमरेवर हात ठेवून विचारायचा.

"बाबा, हळू बोला, ती घाबरते," अकिहो म्हणायची.

मी पुन्हा वाजू लागले की मिओरी निर्धास्त पुढे चालायची. एका आईचे कान माझ्यावर विसंबलेले होते. याहून मोठं काम मला कधी मिळालं नाही.

अकिहो पाच वर्षांची झाली, त्या नोव्हेंबरमधली गोष्ट. पानं लाल झाली होती आणि वाटेवर माणसांची रीघ होती. तासुकु, म्हणजे अकिहोचा नऊ महिन्यांचा भाऊ, बाबांच्या पाठीवर झोळीत होता. देवळापाशी बाकावर जांभळी टोपी घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. अकिहो त्यांच्यासमोरून उड्या मारत गेली तशा त्या हसून म्हणाल्या, "वा! काय छान वाजतेय तुझी घंटी. साऱ्या डोंगराला ऐकू जात असेल, नाही?"

झालं! मिओरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "माफ करा हं, फार त्रास झाला तुम्हाला," म्हणत ती तीन-चारदा वाकली आणि अकिहोला ओढत वळणापलीकडे घेऊन गेली.

"अगं, कौतुक केलं त्यांनी," शुहेई मागून म्हणाला.

"कौतुक? अहो, अकरा वर्षं झाली तुम्हाला या गावात! क्योतोत तक्रारसुद्धा कौतुकाच्या शब्दांत करतात. शेजारच्या काकू म्हणाल्या ना, 'बाळाचा गळा काय खणखणीत आहे', त्याच दिवशी पाळणा मागच्या खोलीत का हलवला मी? हौस म्हणून?"

"मला वाटलं त्यांना बाळ आवडलं."

"तुम्हा उत्तरेकडच्यांना थोबाडीत मारल्याशिवाय काही कळायचंच नाही."

शुहेई हसला. तिथेच त्याने हट्ट धरायला हवा होता. पण बायकोच्या गावच्या रीतीभाती तिलाच जास्त ठाऊक, असं म्हणून त्याने खांदे पाडले. मिओरीने बाळाच्या पायातला लोकरीचा मोजा काढला, माझ्यावर चढवला आणि वरून दोऱ्याने आवळून टाकला. आतला लोलक लोकरीत रुतला.

"आई, तिला थंडी वाजतेय का?" अकिहोने विचारलं.

"नाही गं. आवाजाने लोकांना त्रास होतो. मोजा काढायचा नाही हं, लोक रागावतात."

मिओरी निष्काळजी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. पुढची दहा मिनिटं ती पावलापावलाला वळून बघत होती. मग तासुकुने लंगोट ओला केला आणि गळा काढला. दोघं वाटेच्या कडेला बसून त्याचं आवरू लागली. दोन वर्षांची सवय वाईट असते, मित्रांनो. आवाज थांबला की बघायचं, एवढंच त्या मानेला ठाऊक होतं. आणि आता थांबायला आवाजच नव्हता.

खालच्या उतारावर टोपीवाली ओकची फळं पडली होती. बाळासाठी चार आणते, असं पुटपुटत अकिहो उतरली. ओल्या पानांवरून पाय सटकला आणि आम्ही दोघी दोन पुरुष खोल ओढ्यात गेलो. तिचा पाय दोन दगडांमध्ये अडकला आणि मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

ती "आई, आई" करत होती, पण ओढ्याचा खळखळाट तिची हाक गिळून टाकत होता. माझा आवाज त्याने गिळला नसता. ओताऱ्याने तीन साचे मोडले होते ते काय उगाच? मी आतल्या आत धडपडत होते आणि लोकरीवर नुसती थप थप होत होती. मग अकिहोने पिशवी पुढे ओढून मला हातात घेतलं. मला वाटलं, सुटलो! तिने दोऱ्याच्या गाठीत बोट घातलं, मोजा अर्धा वर सरकवला. तेवढ्यात वरच्या वाटेवरून माणसांच्या गप्पा ऐकू आल्या. पोरीने वर पाहिलं आणि मोजा पुन्हा खाली ओढला. त्यानंतर रडू आलं की ती बाही तोंडात धरायची.

साडेबारा वाजता पडलेली पोर शुहेईला सापडली ती चारच्या पुढे. ओढ्याच्या पात्रातून तो चालत वर आला होता, गुडघे फुटलेले, आवाज बसलेला. त्याने तिला उचलून वाटेवर आणलं, तेव्हा शोधायला आलेली गावची माणसं भोवती जमली. त्यांत त्या जांभळ्या टोपीच्या आजीही होत्या. त्यांनी मला पाहिलं, मोजा पाहिला, आणि मिओरीकडे वळल्या.

"हे कशाला घातलंत हिला?"

"तुम्हीच म्हणालात ना, साऱ्या डोंगराला ऐकू जाते म्हणून..." मिओरी म्हणाली.

आजींनी कानावरचे केस बाजूला केले. कानात यंत्र होतं. "अहो, मला पाखरं ऐकू येत नाहीत आता. ही घंटी आली ऐकू, म्हणून बरं वाटलं मला! क्योतोची असले म्हणून काय झालं? कधीतरी छान म्हणजे छानच असतं हो!" असं म्हणून त्या तिथेच मातीत बसून रडायला लागल्या.

खरं सांगू? मला त्यांचाही राग आला. गोड बोलून टोचायची रीत साऱ्या गावाने पिढ्यानपिढ्या चालवायची आणि एखाद्या दिवशी खरं गोड बोलून दुसऱ्याने ते ओळखावं म्हणायचं!

अकिहोच्या पायावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, पण थोडा आखूड राहिला. इस्पितळात चौथ्या दिवशी मिओरीने तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं, "बाळा, मोजा का नाही काढलास? वाजवली असतीस तर आम्ही लगेच आलो असतो."

अकिहो म्हणाली, "वर लोक होते ना, आई. त्यांना त्रास झाला असता."

मिओरी खोलीबाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला चपलांच्या कपाटात टाकलं गेलं. दीड वर्षं मी बुटांच्या पॉलिशशेजारी काळी पडत होते. गेल्या वसंतात मिओरीने मला बाहेर काढलं, मोजा फेकून दिला, राख लावून लख्ख घासलं आणि अकिहोच्या नव्या पिशवीला बांधलं. आम्ही पुन्हा त्याच वाटेने निघालो. मला वाटलं, आता मी अशी वाजेन की डोंगर दणाणेल.

अकिहो लंगडत चार पावलं चालली आणि तिने हात मागे नेऊन मला मुठीत धरलं.

"वाजू दे गं, राणी," मिओरी म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही."

पोरीने आधी पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. तिने मूठ सोडली. मी जेमतेम दोनदा वाजले, तेवढ्यात पलीकडच्या वळणावर कुणीतरी खोकलं आणि मूठ पुन्हा मिटली. धबधब्यापर्यंत ती उघडली नाही. मिओरी मात्र आता दर पावलाला मागे बघत चालते. चढावर दोनदा ठेचकाळली.

मित्रांनो, तुमच्या लहान भावंडांचा आवाज नको असेल तर तोंडावर सांगा, आणि आवडत असेल तर तेही सरळ सांगा. कधी एखाद्या डोंगरवाटेवर मुठीत घंटी धरून लंगडत चाललेली मुलगी भेटली, तर तिला नुसतं "वाजव" म्हणा. ती तुमच्याकडे बघून हसेल, कमरेत वाकून "माफ करा" म्हणेल आणि मूठ आणखी घट्ट आवळेल. तरीही म्हणा.