दहा ते तीन दिसायचं नाही

आमच्या कॉलेजात विज्ञान शाखेची इमारत झाडायचं-पुसायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी डार्लीन कोपेकी, आणि माझा जोडीदार व्हर्लिन स्टॅम्पर. व्हर्लिनला तिथं एकतीस वर्षं झालेली. कुठला नळ कधी रुसतो आणि कुठलं दार कोपरानं ढकललं की उघडतं, हे सगळं त्याला तोंडपाठ.

त्या एप्रिलात डीन म्हणून व्हिटलोसाहेब नवे आले आणि लगेच एक कागद फिरला. शुक्रवारी श्रीमती हेझलटाइन नावाच्या श्रीमंत बाई इमारत बघायला येणार होत्या. त्यांच्या देणगीतून काचेचं सभागृह बांधायचा साहेबांचा बेत होता. म्हणून दहा ते तीन सफाई कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये. खाली आमच्या सह्या घेतल्या.

शुक्रवारी आम्ही जिन्याखालच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत बसलो. बादल्या पालथ्या घालून त्यावर बूड टेकलं आणि अंड्याची सँडविचेस काढली. अकराच्या सुमारास वर काहीतरी गुडगुडलं. व्हर्लिनचा घास तोंडातच राहिला.

"दुसरा मजला. पुरुषांचं बाथरूम. डावीकडून तिसरं बेसिन."

"गप खा."

"डार्लीन, पाणी वाहतंय गं!"

"वाहू दे. सही केलीयस ना?"

तो उठला, बसला, पुन्हा उठला. शेजारच्या खोलीत आपलं मूल रडतंय आणि उचलायची बंदी आहे, तशी त्याची दशा. थोड्या वेळानं जिन्यावरून पळापळ ऐकू आली. "पाण्याचा कॉक कुठंय? अहो, कुणाला तरी माहितीय का कॉक कुठंय?" हा साहेबांचा आवाज. मग कुणीतरी प्राध्यापक ओरडला, "हाच असणार!" आणि इमारतीतली वीज गेली.

आमच्या दाराखालून पाण्याचा ओघळ आत आला. पाठोपाठ दार उघडलं. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, टाय ठिबकतोय.

"तुम्ही इथं काय करताय?"

"दिसत नाही आहोत, साहेब," मी म्हटलं.

"अहो, मग दिसा ना!"

व्हर्लिन केव्हाच जिन्यावर होता. मीही मागोमाग धावले. दुसऱ्या मजल्यावर भिंतीतली फळी काढून त्यानं आत हात घातला, कॉक पिळला आणि पाणी थांबलं. खिडकीपाशी एक म्हाताऱ्या बाई सँडल हातात धरून हे सगळं बघत होत्या. हेझलटाइनबाईच त्या.

"इतका वेळ कुठं होतात हो?"

व्हर्लिनला खोटं बोलता येत नाही. "खालच्या खोलीत, बाई. तुमच्या नजरेस पडायचं नव्हतं."

साहेबांना खोकला आला.

"का? दिसायला एवढे वाईट आहात?"

"बायको म्हणते कधी कधी."

बाई खळखळून हसल्या. मग भिंतीतल्या भोकात डोकावून म्हणाल्या, "हा जोड कधीचा?"

"चौपन्न सालचा."

"माझ्या यूजीननं पाहिला असता तर रडला असता." यूजीन म्हणजे त्यांचे दिवंगत पती. चाळीस वर्षं त्यांनी नळच विकले होते. मग बाई आणि व्हर्लिन अर्धा तास वायसरांवर बोलत उभे राहिले. साहेब मुकाट्यानं टॉर्च धरून होते.

पुढच्या महिन्यात बाईंचं पत्र आलं. सभागृह नको. इमारतीतले सगळे पाइप बदला, आणि यूजीनच्या नावाची पाटी त्या तिसऱ्या बेसिनवर लावा.

ऑक्टोबरात उद्घाटन झालं. पुरुषांच्या बाथरूमच्या दाराला लाल फीत बांधली, बँड आला, विश्वस्त आले. व्हर्लिन मुलाच्या लग्नातला कोट घालून आला होता. बाईंनी त्याला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं. पाणी आणि ज्ञान या विषयावर साहेबांचं भाषण रंगात आलं असतानाच आतून फ्लशचा खळाळ ऐकू आला. भूगर्भशास्त्राचे लिंडक्विस्टसर फीत बांधण्याआधीच आत गेले होते. जरा कमी ऐकू येतं त्यांना. दार उघडून ते पोटानं फीत तोडत बाहेर आले. फीत तुटली की वाजवायचं, असं बँडवाल्यांना सांगितलेलंच होतं. त्यांनी दणक्यात सुरुवात केली.

एवढी गर्दी कशासाठी, हे सरांना कळेना. पण बाई टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर ते खूश झाले, आणि ओल्या हातानंच त्यांनी साहेबांशी हस्तांदोलन केलं.