सूर्य मावळायच्या आतली गोळी

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. राजस्थानातल्या कासाराने मला ठोकून घडवलं आणि लहरीबाईंच्या लग्नात मी खांडबाऱ्याला आलो. त्यांच्या उकळलेल्या पाण्याचा मान माझा. सूर्य मावळला की त्या मला पालथा घालत. मग सकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. हे जैनांचं चौविहाराचं व्रत त्यांनी कधी मोडलं नाही.

गेल्या वर्षी त्या अगदी उदास झाल्या. कानात कुणीतरी शिव्या देतंय, म्हणायच्या. नंदुरबारच्या मनोविकारतज्ज्ञ कोकिळा डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. मेंदूतल्या पेशी रसायनांच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात. सकाळची गोळी मंदावलेल्या निरोपांना उभारी देणारी, रात्रीची गोळी भलत्या निरोपांचा गलका शमवणारी.

दोन महिने झाले, तरी आवाज जाईनात. डोस वाढवायचं ठरू लागलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण तांब्याला तोंड असून बोलता कुठे येतं?

एका रात्री सुनेने, चांदनीने, पालथ्या मला उचललं. खाली रात्रीची गोळी!

"मम्मीजी, तांब्या आजारी आहे का? औषध त्यालाच चाललंय!"

लहरीबाई रडवेल्या झाल्या. "रात्री पाणी कसं पिऊ? आणि डॉक्टरीणबाईंना नाही कसं म्हणू?"

डॉक्टर ऐकून हसल्या. "व्रतही ठेवा, गोळीही ठेवा. सूर्य मावळायच्या आत घ्या. गुण यायला काही आठवडे लागतील. फक्त आपल्या मनाने बंद करू नका."

गोळी सुरू झाली. तोंड कोरडं पडे, म्हणून मावळतीपर्यंत माझ्याकडे खेपा. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागताना, त्या पेंगत. बोटं थोडी थरथरत. वजनही वाढलं.

"काय व लहरीबेन, पोलकं फाटी ऱ्हायनं ना!" शेजारच्या मीनाबाई म्हणाल्या.

"मग बघतेस काय? शिवण उसवून दे!"

डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, रोज चालायला लावलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी लहरीबाई ओट्यापाशी थबकल्या.

"चांदनी, ऐक!"

"काय, मम्मीजी?"

"अगं, काहीच नाही! काहीच ऐकू येत नाही!"

दोघी हसत सुटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी गोळ्या घेत असेल, तर "घेतली का?" एवढ्यावर थांबू नका. "घेताना काही अडतं का?" हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसा.