आर्वोची नदी

"तुमचाही फोन या पिशवीत टाकावा लागेल," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली.

आयली निएमीच्या हातात ओटा पुसायचा कपडा होता. सकाळपासून तिने ओटा तिसऱ्यांदा पुसायला घेतला होता. आपल्याच घरात आपला फोन परक्याच्या पिशवीत टाकायचा, हे काही तिच्या पचनी पडेना. पण कोचावर बसलेल्या आर्वोने डोळ्यांनीच टाक म्हणून सांगितलं, आणि तिने टाकला.

मुलीचं नाव डॅनिका. सिनेमाकंपनीने तिला टोरांटोहून विमानाने थंडर बे या बंदराच्या गावी पाठवलं होतं. सोबत एक दाढीवाला तंत्रज्ञ आणि कुलूप लावलेली काळी पेटी. त्या पेटीतला सिनेमा नोव्हेंबरपर्यंत कुणालाच दिसणार नव्हता. आणि हा ऑगस्ट होता. डॉक्टरांनी आर्वोला सप्टेंबर काढलास तर खूप, असं स्पष्ट सांगितलं होतं.

आर्वो आयलीचा थोरला भाऊ, बासष्ट वर्षांचा. बंदरावरच्या धान्यकोठारात एकतीस वर्षं वजनकाट्यावर काम केलं, लग्न केलं नाही. आयलीने केलं होतं, ते मोडलं, आणि तेव्हापासून दोघं आईवडिलांच्या या घरात राहत होती. ती शाळेची बस चालवायची. तो कामावरून आला की जेवायचा, ताट धुवायचा आणि 'राखनदी' उघडून बसायचा.

'राखनदी' म्हणजे पाच जाडजूड खंडांची कादंबरी. कुठेही नसलेला एक देश, त्यातून वाहणारी राखेच्या रंगाची नदी, तिच्या काठची राज्यं, शाप, युद्धं. लिहिणारी बाई केव्हाच वारली होती. आर्वोने त्या नदीचा नकाशा काढला होता. कोण कुठून निघालं, किती दिवस चाललं, वारा कुठल्या बाजूचा होता, हे पानापानातून टिपून त्याने तब्बल बारा वर्षं अंतरं जुळवली. नकाशा इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या कट्ट्यावर टाकला तेव्हापासून सहा हजार माणसं त्याला 'नकाशेवाले' म्हणून ओळखत होती. आयलीने एकदाच पहिला खंड उघडला होता. पहिल्याच पानावर नऊ नावं आली, त्यातलं एकही तिला उच्चारता येईना, आणि तिने तो मिटला. साठीला आलेला माणूस परीकथा वाचतो याचं तिला कधी हसू यायचं, कधी राग. आईच्या आजारपणातही तो पलंगाशी हेच पुस्तक घेऊन बसला होता, हे ती विसरली नव्हती.

सिनेमा येणार असं ठरल्यापासून कट्टा पेटला होता. एक झलक बाहेर आली आणि त्यात दिसलं, की नदीवरची नावाडीण ओर्ना, जी पुस्तकात म्हातारी, बुटकी, तोंडाने फटकळ आहे, ती सिनेमात पंचविशीची देखणी पोरगी झाली होती. निम्मे लोक खवळले, निम्म्यांनी सिनेमाची बाजू घेतली. काही जणांनी त्या नटीला इतकं घाणेरडं लिहिलं, की तिने लिहिणं-बोलणंच बंद केलं. आर्वो म्हणत होता, आधी बघू या, मग बोलू. त्याच्या दुखण्याची बातमी कळल्यावर मात्र भांडणारे दोन्ही पक्ष एक झाले. कंपनीला पत्रावर पत्रं गेली, की नकाशेवाल्यांना सिनेमा दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. कंपनीने मान्य केलं.

म्हणून आज आर्वो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शर्टात तो निम्माच उरला होता. गुप्ततेच्या कागदावर त्याने सही केली, पडदे ओढले गेले आणि सिनेमा सुरू झाला.

आयलीला एका जागी बसवेना. शाळेला सुट्टी असली की तिचं असंच व्हायचं, पायाला जणू भिंगरी लागायची. तिने कॉफी ठेवली. वेलदोडा घातलेल्या गोड पावाचे काप केले, ताटलीत लावले, पुन्हा वेगळे लावले. बाहेरच्या खोलीतून ढोल, घोडे, किंकाळ्या ऐकू येत होत्या. मध्येच ती दाराशी जाऊन बघायची. सिनेमाच्या उजेडात भावाचा चेहरा निळा दिसत होता. त्यावर आनंद आहे की दुखणं, हे तिला कळत नव्हतं. डॅनिकाही सिनेमा बघत नव्हती. ती आर्वोकडे बघत होती.

पाऊण तास झाला असेल. आर्वो म्हणाला, "थांबवा जरा."

त्याला औषध हवं असेल म्हणून आयली धावली. औषध नको होतं. थोडं पडतो, असं तो म्हणाला. दोघं पाहुणे तासभर कॉफी पीत थांबले. मग डॅनिकाने हळूच विचारलं, पुढे लावू का. आर्वोने मानेनेच नको म्हटलं आणि एवढ्या लांब आल्याबद्दल तिचे आभार मानले.

पायऱ्यांवर डॅनिकाने आयलीला गाठलं. कंपनीला नोव्हेंबरमध्ये छापायला त्याची दोन वाक्यं हवी होती, एक असलं तरी चालणार होतं. पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. तिने विचारलं, "त्यांना आवडला नाही का?"

"मला काय माहीत," आयली म्हणाली. "माझा फोन द्या."

ते गेल्यावर ती तणतणतच आत आली. सहा हजार लोकांनी आकाशपाताळ एक केलं, कुणी नोकरीतून वेळ काढून पत्रं लिहिली, आणि हा माणूस पाऊण तासात थांबवा म्हणतो. इतका वाईट होता तर तोंडावर सांगायचं होतं, असं तिने त्याला सुनावलं.

"वाईट नव्हता गं," आर्वो म्हणाला. "चांगला होता. तीच तर भानगड झाली."

ती कोचाच्या हातावर टेकली. आर्वो दम खात, तुकड्यातुकड्याने बोलला. त्यांची नदी फार सुंदर होती. डोळे मिटले तरी तीच दिसायला लागली. त्याची स्वतःची नदी चाळीस वर्षांची. ती त्याने कोठारात वजनं टिपताना बघितली होती, आईच्या पलंगाशी बसून बघितली होती. आता तिचा एक काठ धूसर झाला होता.

"आणखी तासभर बघितला असता ना, तर माझी पार पुसली गेली असती," तो म्हणाला. "आणि परत काढायला आता दिवस कुठे आहेत?"

आयलीने त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, जे नीटच होतं.

थोड्या वेळाने त्याने तिच्याकडून वचन घेतलं, की आपण सिनेमा थांबवला हे कट्ट्यावर कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर ते त्याचाच दगड करतील आणि त्या नटीला मारतील. आवडला असं लिहिणंही त्याला नको होतं, कारण अर्धा बघून तसं लिहिणं म्हणजे खोटं. गुप्ततेच्या कागदाचा हा एक फायदा, तो म्हणाला, गप्प बसलं तरी कुणी विचारत नाही.

मग त्याने तिला कपाटातला पहिला खंड आणायला सांगितला. अक्षरं आता त्याला दिसत नव्हती.

"मी?" आयली म्हणाली. "मला ती नावंसुद्धा येत नाहीत."

"मी सांगतो. तू वाच तर."

ती वाचू लागली. पहिले दोन दिवस तिने रहदारीचे नियम वाचावेत तसं वाचलं. आर्वो डोळे मिटून पडायचा, नाव चुकलं की बरोबर म्हणून दाखवायचा, आणि दुसऱ्यांदा चुकलं की हसायचा. तिसऱ्या दिवशी ओर्ना आली. नावेत बसणाऱ्या राजपुत्राला ती म्हणते, तलवार खाली ठेव नाहीतर पोहत जा. आयलीला ही बाई आवडली. ती पान उलटण्याची घाई करू लागली. औषधाची वेळ टळून गेली तेव्हा आर्वोनेच तिला आठवण करून दिली. धूसर काठ दिसायला लागला का, असं तिने एकदा विचारलं. थोडा थोडा, तो म्हणाला.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली. सकाळची फेरी संपवून ती बस डेपोत लावायची, घरी येऊन वाचायची, दुपारच्या फेरीला पळायची. वळणावर, सिग्नलला तिच्या डोक्यात नदी असायची. बसमधल्या पोरांवर ती पूर्वीपेक्षा जास्त खेकसायला लागली होती, कारण तिचा जीव घरी टांगलेला असायचा. महिन्याच्या सतरा तारखेला ती दुपारी परतली तेव्हा त्याच्या देखभालीला येणारी नर्स दारातच उभी होती. पहिल्या खंडाची चाळीस पानं राहिली होती.

अंत्यविधीला चर्चमध्ये आयलीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माणसं आली. कोठारातले जुने सोबती होते, शेजारी होते, आणि शेवटच्या दोन बाकांवर दंडाला राखेच्या रंगाची फीत बांधलेले अकरा अनोळखी लोक. त्यांतली एक थोराड बाई विनिपेगहून आठ तास गाडी चालवत आली होती. मॅव्हिस तिचं नाव, दवाखान्यातून निवृत्त झालेली. ती आयलीशी हात मिळवायला पुढे आली आणि हात हातात धरून नुसती बघतच राहिली. मग तिने बाकीच्यांना हाक मारली. अकराही जण आयलीभोवती गोळा झाले. सगळे तिचा चेहरा निरखत होते.

"काय झालं?" आयलीने विचारलं.

मॅव्हिसने पर्समधून घडी घातलेला नकाशा काढून उलगडला. नदी वरपासून खालपर्यंत वाहत होती. डाव्या कोपऱ्यात, जिथे बाकीचे नकाशे काढणारे दिशा दाखवतात, तिथे आर्वोने एक नाव काढली होती आणि नावेत ओर्ना. आखूड कापलेले केस, रुंद जबडा, कुणावर तरी वैतागलेल्या भुवया.

"आम्हाला वाटायचं, त्यांनी ती मनानेच काढलीये," मॅव्हिस म्हणाली.

हा नकाशा वीस वर्षं घरातल्या भिंतीवर होता. आयलीने त्यावरची धूळ कितीदा तरी पुसली होती.

"माझं नाक एवढं मोठं नाहीये," ती म्हणाली, आणि तिला जे रडू घरी आलं नव्हतं ते तिथे आलं.

राहिलेली चाळीस पानं तिने त्याच आठवड्यात वाचली. आर्वोचा कट्टाही ती उघडून बघू लागली. तिथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. नकाशेवाल्यांनी सिनेमा पाहिला, मग ते काही बोलले का नाहीत? एका बाजूला वाटत होतं, ते भारावून गेले असतील. दुसऱ्या बाजूची खात्री होती, की त्यांना तो असह्य झाला. आयलीला पत्रं येऊ लागली. कुणी गोड बोलून विचारलं, कुणी हक्काने. तिची झोप उडाली. दोन वाक्यं लिहून मोकळं व्हावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती लिहून खोडायची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारच्या खेळाला ती गेली. मॅव्हिसने तिची जागा धरून ठेवली होती. थिएटरच्या दालनात तीसेक चाहते होते, काही अंगावर झगे घालून आलेले. अमेरिकेतल्या डुलुथहून सीमा ओलांडून आलेला डेक्लन नावाचा एक तरुण सगळ्यांना सदरे वाटत होता. सदऱ्यावर छापलं होतं, 'ही आमची ओर्ना नाही'. आयलीला पाहून तो सरळ तिच्याकडेच आला. आता सिनेमा बाहेर आला, कागदाचं बंधन संपलं, आता तरी सांगा, असं तो म्हणाला. दालनातला गलबला थांबला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

तिच्या जिभेवर खरं आलं होतं. त्याने थांबवला. एवढं म्हटलं असतं तर जिवाची घालमेल संपली असती. पण ते वाक्य या पोराच्या हातात पडल्यावर संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाईल, हे तिला दिसत होतं.

"त्याला जे वाटलं ते तो घेऊन गेला," ती म्हणाली. "तुम्ही आपापले डोळे आणलेत ना? मग बघा."

डेक्लनने तिच्यासमोर सदरा धरला. तिने तो घेतला नाही.

आत अंधार झाला. अर्ध्या तासाने पडद्यावर नाव आली, आणि तिच्यात ती तरुण पोरगी. मागच्या रांगेतून कुणीतरी लांबलचक हुर्यो केली. दुसऱ्याने साथ दिली. तिसऱ्याने नटीच्या अंगावरून काहीतरी घाण शब्द फेकला आणि चार-पाच जण हसत उभे राहिले.

आयली उठली. ती ओरडली नाही. सव्वीस वर्षं चाळीस चाळीस पोरांची बस ज्या आवाजावर चालली होती, तो आवाज तिने लावला.

"खाली बसा. मी परत सांगणार नाही."

मागच्या रांगा बसल्या. झगेवाले बसले, आणि पाय पसरून बसलेल्या एका म्हाताऱ्यानेही पाय आवरले. डेक्लन थोडा वेळ उभा राहिला, मग तोही बसला. आयली बसली आणि त्या पोरीकडे बघू लागली. वल्हं धरायची पद्धत चूक होती. पण पोरगी मनापासून करत होती, आणि हे कबूल करताना आयलीला आपण भावाशी काही बेइमानी करतोय असं वाटलं नाही. पहिल्या राज्याच्या पाडावाशी सिनेमा संपला, पहिला खंड संपतो तिथेच. त्या एका वेळेनंतर ती जागची हलली नव्हती. तिच्या आयुष्यात इतका वेळ ती क्वचितच एका जागी बसली असेल.

दालनात दिवे लागलेले होते. काही जण रडत होते, काही भांडत होते. मॅव्हिस डोळे पुसत तिच्याजवळ आली आणि सांगू लागली, की हे ठीकच आहे, पण चौथ्या खंडात ओर्नाचं जे होतं ते यांना कसं जमणार...

"पुढचं सांगू नका," आयली म्हणाली. "मी अजून दुसऱ्या खंडात आहे."

मॅव्हिसने आयलीचा कोट धरला, आयलीने बाह्यांत हात घातले, आणि दोघी बर्फात उभ्या असलेल्या गाड्यांकडे निघाल्या.