एक जूनची पोरगी

आमच्या गावात अर्ध्याहून जास्त माणसं एक जूनला जन्मली आहेत. पोस्टमन, किराणावाला, दोन माजी सरपंच, माझ्या वर्गातली दहा पोरं आणि मी. कुणाला याचं हसू येत असेल तर हसून घ्या. मीही हसायचे, गेल्या एप्रिलपर्यंत.

खरी मी जन्मले चौदा जानेवारी दोन हजार आठला, नामविस्तार दिनाला. बिलोली तालुक्यातल्या आमच्या वस्तीत विहारासमोर सभा चालू होती. मायला तिथंच कळा सुरू झाल्या आणि पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत मी घरी झाले. दवाखाना नाही, नर्स नाही, म्हणून ग्रामपंचायतीत नोंदही नाही. पण तारीख अख्ख्या वस्तीला पाठ आहे. दरवर्षी निळे झेंडे लागले की कुणीतरी म्हणतंच, केरबाच्या विशाखाचा वाढदिवस आला. अशी तारीख चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. सटवाजी गुरुजींनी ती चुकवून दाखवली.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये गुरुजी घरोघर फिरून शाळेसाठी पोरं गोळा करत होते. मी साडेचार वर्षांची. पहिलीला सहा पूर्ण लागतात. जुन्या लोकांचं एक माप आहे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं झालं. माझा हात कानापर्यंत पोचेना. माय सांगते, गुरुजींनी माझी मान वाकवली, बोटं ओढली आणि कान धरायला लावला. मग रजिस्टरात लिहिलं, जन्म एक जून दोन हजार सहा. मायनं तेव्हाच सांगितलं होतं, गुरुजी, चौदा जानेवारी, आणि सहा नाही, आठ. गुरुजी हाव हाव म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. आम्ही बौद्ध, सटवाई मानत नाही. आमचं सटवाजीनं लिहिलं, आणि ते काही केल्या पुसता आलं नाही.

या खोट्या तारखेनंच मला फुटबॉल शिकवला, हे मी कबूल करते, पण दातओठ खाऊन. बिलोलीच्या हायस्कूलमध्ये दयानंद सरांनी मला खो-खोतून उचलून फुटबॉलमध्ये घातलं. चौदा वर्षांखालच्या संघात बाकीच्या तेरा-चौदाच्या आणि मी अकराची. कुणीही यावं आणि खांद्यानं पाडून जावं. धक्का बसायच्या आत बॉल सोडायची सवय मला तिथंच लागली. बॉल पायाशी यायच्या आधीच मी बघून ठेवते, कोण कुठं उभी आहे आणि कोण आता पळणार आहे. सर म्हणाले, ही मिडफिल्डची पोरगी आहे. मग रोज शाळा सुटल्यावर दोन तास आणि रविवारी नांदेडला जाऊन तिथल्या पोरांबरोबर मॅच. बाबा मला पहाटे मोटारसायकलवर बिलोलीच्या स्टँडवर सोडायचे, एस.टी. हलेपर्यंत थांबायचे. लातूर विभागाकडून मी दोनदा खेळले.

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका क्लबनं लातूरला निवड चाचणी घेतली. सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ, दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं-शिकणं क्लबकडं. अट एकच, जन्म एक जानेवारी दोन हजार आठनंतरचा पाहिजे. मी तेरा दिवसांनी बसत होते. टेबलावरच्या मॅडमनी जन्मतारीख विचारली आणि मी चौदा जानेवारी सांगितली. नाव विचारल्यावर आपण नाव सांगतो, तसं. शाळेचे, परीक्षेचे, आधारचे फॉर्म कायम दुसऱ्यांनीच भरले होते. एक जून माझ्या ध्यानातही आला नाही.

तीन दिवस खेळवून त्यांनी नव्वद मुलींमधून चार निवडल्या, त्यात मी. परत येताना गाडीत सरांनी मोबाईलवर मेक्सिकोच्या एका मिडफिल्डरचा व्हिडिओ दाखवला. सोळा वर्षांची, मोठ्या बायकांच्या लीगमध्ये खेळणारी. खाली लोकांनी कौतुकानं लिहिलं होतं, फक्त सोळा. मी सरांना म्हटलं, मीपण सोळाच की. सर हसले.

कागद पाठवल्यावर चौथ्या दिवशी क्लबचा फोन आला. फॉर्मवर एक तारीख, दाखल्यावर आणि आधारवर दुसरी. पलीकडचा माणूस सरांना म्हणाला, असे वयचोर आम्हाला दर चाचणीत भेटतात, मुलीला जरा लाज वाटू द्या. फोन स्पीकरवर होता. आयुष्यात एकदा विचारल्यावर मी खरी तारीख सांगितली, तर खोटारडी ठरले. त्या दिवशी मी सरांच्या खोलीतली खुर्ची लाथेनं पाडली आणि ती उचललीही नाही.

कागद दुरुस्त करून आणायला क्लबनं वीस दिवस दिले. बाबा आणि मी आधी गुरुजींकडं गेलो. निवृत्त होऊन ते बिलोलीत राहतात. त्यांचीही जन्मतारीख एक जूनच, म्हणून एकतीस मेला रिटायर झाले आणि शाल-नारळ घेऊन घरी आले. मला बघून त्यांना आनंद झाला. पेपरमधला माझा फोटो त्यांनी कापून ठेवला होता. तो दाखवायला उठले, तेव्हा बाबांनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. मी एवढंच विचारलं की मायनं तारीख सांगितली होती का नाही.

"सांगितली व्हती," गुरुजी म्हणाले. "पट नऊवर आला व्हता, पोरी. वीस भरले न्हाई तर शाळाच उचलून न्हेली आसती. तुमाला धरून अकरा पोरं घातली म्हून शाळा ऱ्हायली."

"शाळा राहिली का तुमची जागा?"

बाबांनी माझा हात दाबला.  शाळा राहिली म्हणून मी शिकले, हे मला कळतं. पण पट राखायचा होता तर वर्ष चुकवायचं, तारीखही कशाला खाल्ली? वस्तीतली एवढी मोठी तारीख त्यांना लिहायलाही जड झाली. गुरुजींनी शेवटी कागदावर सगळं खरं लिहून दिलं, सही केली, अक्षर अजून मोत्यासारखं. तो फोटो मात्र मी बघितला नाही.

तो कागद घेऊन आम्ही लातूरला बोर्डाच्या ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क वाईट नव्हता, त्यानं पाणी दिलं. म्हणाला, शाळा सोडल्यावर दाखल्यातली तारीख बदलत नाही, दहावीच्या आधी यायला पाहिजे होतं. कोर्टात जाता येईल, वर्ष-दोन वर्षं लागतील. बाबांचा आवाज चढला. कधी कुणापुढं न बोलणारा माझा बाप, पंचवीस माणसांसमोर ओरडला, "माझी लेक सोळाची हाय, साहेब. तिच्या बापाला म्हाईत न्हाई तर कुणाला म्हाईत आसंल?" मला त्या दिवशी बाबांचा एवढा अभिमान वाटला की रडूच आलं. वीस दिवस संपले. क्लबनं माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली.

दोन जूनला अहमदपूरहून सरजाआत्या आली. बाबांची थोरली बहीण. तिच्या पोराचं, प्रीतमचं, मोबाईलचं दुकान आहे. भावाच्या लेकीवर माझा हक्क आहे, हे ती मी पाळण्यात असल्यापासून बोलते, आम्ही हसण्यावारी नेतो. यावेळी ती पेढे घेऊन आली होती. म्हणाली, काल अठरा भरली, आता कायदाबी आडवा येत न्हाई. फुटबॉल तर गेलाच, मग पोरगी कशापायी ठेवून राहिलास?

माय म्हणाली, सोळाची हाय ती. आत्यानं बाबांकडं बघितलं.  बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कागदानं तर अठराची झालीय."

पंधरा दिवस. लातूरच्या त्या ऑफिसाला पंधरा दिवसही झाले नव्हते. ज्या तोंडानं माझी लेक सोळाची म्हणाले, त्याच तोंडानं हे. मला गुरुजींचा आला नव्हता एवढा राग बाबांचा आला. गुरुजींना माझी तारीख माहीत असून नसल्यासारखी होती. बाबांनी तर दर वर्षी त्या दिवशी मला कडेवर घेऊन झेंड्याखाली उभं केलं होतं. मी पेढ्यांचा बॉक्स उचलून आत्याच्या पिशवीत परत ठेवला. आत्या म्हणाली, खेळानं पोरगी माजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयानंद सर आले. आत्या होतीच. सर पंधरा दिवस क्लबच्या मागं लागले होते. मुलगी तुम्ही मानता त्याच कागदांप्रमाणं अठराची आहे ना, मग मोठ्या संघात घ्या, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. लातूरला माझा खेळ बघितलेली कोच बाई त्यांच्या बाजूनं बोलली. मोठ्या संघात मिडफिल्डला जागा होती. एक वर्षाचा करार, शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं. तिथल्या बाया पंचवीस-पंचवीस वर्षांच्या आहेत, मार बसेल, असंही सर म्हणाले. मी म्हटलं, मला सवय आहे.

बाबांनी करार हातातही घेतला नाही. लहान पोरींच्या संघात ठीक होतं, मोठ्या बायांत एकटी पाठवणार नाही म्हणाले. प्रीतमकडची माणसं रविवारी लग्नाचं बोलायला येणार आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. "मी सही करणार न्हाई," बाबा म्हणाले, आणि त्यांना वाटलं तिथं विषय संपला.

मी सरांकडून करार घेतला आणि शेवटचं पान बाबांसमोर धरलं. पालकाची सही, अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी.

"तुमची सही लागत नाही, बाबा. काल तुम्हीच म्हणलात, कागदानं मी अठराची."

आत्या काहीतरी म्हणायला लागली. बाबांनी हातानं तिला थांबवलं. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मायनं आतून पेन आणून दिलं.

मी नाव लिहिलं, विशाखा केरबा. खेळायची जागा, मिडफिल्ड. जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं, एक जून दोन हजार सहा. ही खोटी तारीख मी पहिल्यांदाच माझ्या हातानं लिहीत होते, आणि या वेळी मला कुणी खोटारडी म्हटलं नाही.