कार्बनवरची ओळ

कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बाबा टायपिंग करायचे. शेजारचे दोघे टायपिस्ट त्यांना ‘मशीन’ म्हणायचे, कारण त्यांच्या कागदावर खाडाखोड म्हणून सापडायची नाही. चूक झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली इतरांना महिनाभर पुरायची. बाबांची बाटली न वापरता वाळून जायची.

त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईकाचा कागद वाचायचा नाही. “डोळ्यांतून थेट बोटांत. मध्ये डोकं आणलं की हात चुकतो,” असं ते सांगायचे. भावाभावांच्या वाटण्या, घटस्फोट, बदलीचे विनवणीअर्ज, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि घरी येईपर्यंत त्यातलं काही म्हणता काही उरायचं नाही. आई वैतागायची. “गावाची भांडणं यांच्याकडे येतात, पण घरात एक बातमी येईल तर शपथ!” प्रत्येक कागदाची कार्बन प्रत मात्र बाबा काढून ठेवायचे. पाकीट हरवलं म्हणून कोणी रडत आलं, तर उपयोगी पडते म्हणायचे.

त्यांच्या या नियमाचा मी फायदा घेतला. सरळ सांगायचं, तर गैरफायदा.

पदवी हातात आली तेव्हा माझ्यासमोर दोन माहितीपत्रकं होती. एक आमच्याच शहरातल्या संध्याकाळच्या कोर्सचं. दिवसा नोकरी, रात्री वर्ग, तीन वर्षांत वित्त व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी. दुसरं लांबच्या संस्थेचं. दोन वर्षं पूर्णवेळ, शेअर बाजार, कंपन्यांचं मूल्यांकन, आणि फी अशी की आईने आकडा दोनदा वाचायला लावला. “पैशाचा अभ्यास करायला एवढे पैसे भरायचे म्हणजे कमालच आहे,” ती म्हणाली. ओळखीच्या एका बँक अधिकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “संध्याकाळच्या कोर्सने आहे त्या नोकरीत बढती मिळते. तिकडच्या कोर्सने नोकरीच वेगळी मिळते.” मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, “तुला जायचंय तिकडे जा. मला यातलं कळत नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं. यांना कधी काही कळतच नाही, असं तेव्हा मला रोज वाटायचं. बाविसाव्या वर्षी माणसाला आपल्याखेरीज सगळे मठ्ठ वाटतात, आणि मी त्यात जरा जास्तच हुशार होते.

लांबच्या संस्थेला अर्जासोबत एक निबंध हवा होता, टाइप केलेला. फायनान्सच का? मी हाताने लिहून काढला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं, ‘माझ्या वडिलांनी तीस वर्षं इतरांच्या पैशाचे कागद टाइप केले, पण पैसा म्हणजे काय हे त्यांना कधीच कळलं नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं नाही.’ लिहिताना हात अडला नाही. उलट वाक्य जमलं म्हणून बरं वाटलं. टाइप करायला बाहेर दिलं असतं तर पैसे पडले असते. शिवाय बाबा वाचणार नव्हतेच, म्हणून निबंध त्यांनाच दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट आणून दिलं. ते चिकटवलेलं होतं. एरवी ते प्रत्येक गिऱ्हाईकाला समोर बसवून कागद वाचून घ्यायला लावायचे. “टपालाची वेळ होत आली होती,” ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. मीही पुढे विचारलं नाही.

मुलाखतीत एका प्राध्यापकांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. “फार स्पष्ट लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले. मी लाजले, पण आनंदाने. प्रवेश मिळाला. दोन वर्षं ढोर मेहनत केली आणि एका सल्लागार कंपनीत विश्लेषक म्हणून लागले. स्वतःचं टेबल, स्वतःचा कॉम्प्युटर. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या कारखान्याच्या खर्चकपातीचा तक्ता माझ्याकडे आला. डाव्या बाजूला विभाग, उजव्या बाजूला पुढच्या वर्षीचा खर्च. चौदाव्या ओळीवर लिहिलं होतं: टंकलेखन विभाग, सहा जण, सरासरी वय त्रेपन्न. तिथे मला शून्य घालायचं होतं.

मी थांबलेली बघून आमच्या विभागप्रमुख बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. समजावून सांगावं तसं म्हणाल्या, “हे बघ, ओळीत काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस. आकडा बघ आणि पुढे जा. नाहीतर या कामात टिकायची नाहीस.”

मी शून्य घातलं. पण वाचलं होतं. त्रेपन्न हा आकडाही वाचला होता, आणि त्या सहा जणांना नवीन काम कोण देणार हेही डोक्यात येऊन गेलं होतं. न वाचायचं ठरवून कोणाला न वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि मला माझा तो निबंध आठवला. मग बाबांना तरी कसं येत असेल?

त्या शनिवारी मी घर गाठलं. तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून थाप मारली. “ऑफिसला माझ्या प्रवेश अर्जाची प्रत हवी आहे.”

“कपाटात, तिसरा कप्पा,” बाबा म्हणाले. ते खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. “तुझी फाईल वेगळी आहे.”

फाईल खरंच वेगळी होती, आणि तिच्यावर माझं घरातलं लाडाचं नाव टाइप केलेलं होतं. निबंधाची कार्बन प्रत सगळ्यात खाली होती. पहिला परिच्छेद स्वच्छ. दुसराही. तिसऱ्यात ती ओळ आली. वरच्या कागदावर चूक पांढऱ्या शाईखाली झाकता येते. खालच्या कार्बनवर मात्र झाकलेलं सगळं उमटलेलं असतं. ‘वडिलांनी’ हा शब्द एकावर एक तीनदा पडला होता. ‘कधीच’ दोनदा. ‘त्यांच्यासारखं’ तर वाचताच येत नव्हतं, नुसता निळा डाग झाला होता. त्यापुढचा मजकूर पुन्हा स्वच्छ, शेवटपर्यंत.

मी तो कागद धरून तिथेच जमिनीवर बसले. मला रडू आवरेना. त्यांनी वाचलं होतं, आणि एक शब्द न बदलता टाइप करून माझ्या हातात दिलं होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही वाचलं होतं हे.”

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. चष्मा लावला नाही. “गिऱ्हाईकाचा कागद आपण वाचत नसतो.”

“मी काय गिऱ्हाईक होते का?”

ते पुन्हा चष्म्याची काच पुसू लागले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“नव्हतीस ना,” ते म्हणाले. “म्हणून तर हात चुकला.”