गाडीनं लोटांगण घातलं

धाडकन मोटरसायकल बाबांच्या पायाशी आडवी झाली आणि गल्लीत एकच गलका उडाला. जिन्यावर माणसं, खिडक्यांत माणसं. गिरणीवाला तर दळण तसंच टाकून पिठाच्या मिशांनिशी धावत आलेला.

"तिसऱ्यांदा! स्वतःहून!" बाबांचा चेला ओरडला.

बाबांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. "लोखंडात जीव अडकलाय. बाई, तुमचे यजमान या गाडीत आहेत. मला शरण येताहेत. गाडी इथं अर्पण करा, ते सुटतील."

नर्सबाईंच्या नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले होते. त्याच्याच गाडीवरून त्या घरोघरी म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायला जायच्या. गाडी गेली की काम गेलं. पण तो अजून आहे, असं पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते हवंच होतं. त्यांनी चावी पुढे केली.

"वहिनी, थांब!"

थोरली नणंद गर्दीत घुसली. ती पंपाच्या कारखान्यात फिटर होती. हाताला ग्रीस, कमरेला पाना. "माझा भाऊ जिवंतपणी कुठल्या साहेबापुढे वाकला नाही. तीन नोकऱ्या घालवल्या त्यापायी! आता या दाढीपुढे लोटांगण घालतोय होय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पापी बाई! डोळ्यांनी दिसतंय तरी..." चेला उसळला.

"डोळ्यांनीच बघतेय." नणंदेनं गाडी उभी केली, खाली बसली आणि साइड स्टँडला बोट लावलं. पडायला आलेल्या दातासारखा तो डुगडुगला. "बोल्ट ढिला, स्प्रिंग लेचीपेची. गाडी लावली कुणी?"

"यांनी," नर्सबाई चेल्याकडे बघत म्हणाल्या. "तिन्ही वेळा माझ्या हातातून घेऊन यांनीच लावली. मग भक्तिभावानं सीटला हात लावला."

"हात नव्हे, धक्का! उतारावर, तोंड खाली, गिअर न्यूट्रलमध्ये. गाडी इंचभर पुढं सरकली की स्टँड मागं दुमडणारच. वहिनी, आता तू कर."

तिनं गाडी त्याच उतारावर, पण शेजारच्या कचऱ्याच्या पिंपाकडे तोंड करून लावली. नर्सबाईंनी सीटला दोन बोटं टेकवली. धाडकन! गाडी पिंपापुढे साष्टांग.

"पिंपमहाराज की जय!" गिरणीवाला किंचाळला. हसून हसून त्याच्या मिशांचं पीठ उडालं.

मग नणंदेनं गाडी चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये लावली. "बोलवा आता, बाबा."

"ये, जीवा!" बाबा ओरडले. मग पुन्हा ओरडले. सातव्या हाकेला त्यांना ठसका लागला आणि कुणीतरी कनवाळूपणानं पाणी दिलं. गाडी ढिम्म. चेला तेवढ्यात कुठल्या बोळात पसार झाला, कुणालाच कळलं नाही.

नणंदेनं बोल्ट आवळला. "स्प्रिंग मात्र नवी लागेल. डब्यात काही आहे का बघ."

नर्सबाईंनी सीटखालचा हत्यारांचा डबा उघडला. तळाशी एक कागदाची पुडी होती. पुडीत कोरी स्प्रिंग आणि वर नवऱ्याचं वाकडंतिकडं अक्षर: 'स्टँडची. रविवारी नक्की.'

"वर्षभर दर रविवारी हेच म्हणायचे हो, ताई!" त्या हसता हसता रडायला लागल्या. "आणि तोवर गाडी गिअरमध्ये लावून वेळ मारून न्यायचे!"

"आळशी मेला," नणंद म्हणाली आणि तिनंही नाक पुसलं. नाकाला ग्रीस लागलं.

स्प्रिंग बसली. नर्सबाईंनी गाडी चार वेळा लावून पाहिली, चारही वेळा ती उभी राहिली. पुडीचा कागद त्यांनी ब्लाउजमध्ये जपून ठेवला आणि मलमपट्टीची वाट पाहणाऱ्या आजोबांकडे निघाल्या.

तेव्हा मंडळी, गेलेल्या माणसाची आठवण काढा, खुशाल रडा. पण त्याच्या नावानं कुणी चावी मागितली, तर देण्याआधी खाली बसून एकदा स्टँड हलवून बघा.