पलीकडच्या गावाची ज्वारी

मित्रांनो, तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावरच्या बाभळीखाली एक जुनी नाव उपडी पडलेली दिसते ना, ती मी. शेळ्यांना माझ्या पाठीवर बसायला फार आवडते. माझी काही तक्रार नाही.

मला सागाच्या फळ्यांतून घडवले, फटींत कापूस कोंबला आणि वरून डांबर फासले. त्या काळी आमच्या घाटावर पूल नव्हता. पितांबर भोई मला वल्हवायचा. रोख भाडे क्वचितच मिळे. सुगीत दोन्ही थडींवरची गावे त्याला खळ्यावरची ज्वारी देत. एकदा भर पुरात मी अख्खी वरात पार नेली, तेव्हा लोकांनी माझ्यापुढे नारळ वाढवला. मला थोडा गर्वही झाला होता.

पुढे पंचांसमोर पितांबर आणि जमनाबाईचा काडीमोड झाला. चार वर्षांच्या कमलला घेऊन ती पलीकडे माहेरी गेली. पंचांनी ठरवले, पलीकडच्या गावाची ज्वारी दरसाल मायलेकींची. पहिली दोन वर्षे पितांबरने पोती स्वतः पोचवली आणि लेकीला माझ्यातून फिरवून आणले.

तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. तापी गुडघाभर झाली, लोक चालतच नदी ओलांडू लागले. पलीकडचे गाव म्हणाले, नावेत बसलोच नाही तर ज्वारी कशाची? लेकीला काय द्यायचे, या घोराने पितांबरची झोप उडाली. तो पलीकडे जाईनासा झाला. कमल समोरच्या थडीवर उभी राही आणि हा माझ्या आड बसून राही. शेवटी त्याने मला सुताराला विकायचे ठरवले. मला वाईट वाटले, पण त्याचा राग आला नाही.

सुतार माझ्या फळ्या मोजत होता, तेवढ्यात जमनाबाई पाण्यातून चालत आली.

"नाव इकी टाकशी, त पुढला साल काय देशी?"

"खाली हात कसा येऊ?" पितांबर म्हणाला.

"यंदा मी मजुरी करसू. पोर रोज थडीवर उभी ऱ्हास. तिले बाप जोयजे."

सुतार रिकाम्या हाताने निघून गेला. पितांबर धोतर खोचून पाण्यात उतरला. पलीकडे कमलने त्याच्या हातांकडे पाहिलेसुद्धा नाही; ती सरळ त्याच्या खांद्यावर चढली. पाऊस परतल्यावर राहिलेली ज्वारी त्याने पुढच्या दोन सुगींत फेडली.

मित्रांनो, नावेला वर्षातून एकदा डांबर लावत जा, फळ्या टिकतात. आणि द्यायला काही नसेल, त्या दिवशीही पलीकडे जात जा.